आधी पाइप, मग हॉर्सपॉवर

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. या भागात आकडे जरा जास्त आहेत. ऐकताना ते भरभर निघून जातात, इथे निवांत बघता येतील.

सुरुवात एका कल्पनेतल्या गाडीपासून करू. अमेरिकेतलं एक गॅरेज आहे आणि त्यात १९७० सालची शेव्हर्ले शेव्हेल उभी आहे. बॉनेटखाली ४५४ घनइंचांचं, म्हणजे ७.४ लिटरचं व्ही-८ इंजिन. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकचं इंजिन १.२ लिटरचं असतं, तशी सहा इंजिनं या एकात मावतील. कंपनीने या एलएस-६ इंजिनाची ताकद ४५० हॉर्सपॉवर सांगितली होती. मालकाला ती ६०० वर न्यायची आहे. त्याने नवा कॅमशाफ्ट आणला, नवी सिलिंडर हेड्स आणली, मोठा कार्बोरेटर बसवला. गाडी सुरू झाली, आख्खी गल्ली गोळा झाली. मग त्याने ती ट्रॅकवर नेली आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. पाच-सहा सेकंद गाडी बाणासारखी सुटली, आणि मग इंजिनाने मान टाकली.

सगळे इंजिन बघतात. कॅमशाफ्ट चुकला का? स्पार्क जातोय ना? पण इंजिनाला काहीच झालेलं नाही. ते फक्त उपाशी राहिलंय. पोटाची भूक वाढवली, आणि घास नेणारा हात तोच जुना ठेवला.

मला आज हेच सांगायचंय. हॉर्सपॉवर इंजिनात तयार होते असं आपण म्हणतो, पण ती येते पेट्रोलातून. ताकदवान गाड्यांचा इतिहास जितका इंजिनाचा आहे, तितकाच टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या त्या पाइपाचा आहे. आणि गंमत म्हणजे हा इतिहास "जास्त पेट्रोल द्या" असं सांगत नाही. तो दरवेळी एकच प्रश्न विचारतो: नक्की किती लागतंय?

टोपीची पिन

ऑगस्ट १८८८, जर्मनीतलं मानहाइम शहर. बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीन चाकी मोटार बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतलं आणि माहेरी फोर्ट्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. मोटारीने एवढा लांबचा प्रवास तोवर कोणी केला नव्हता. पेट्रोल पंप ही गोष्टच जगात नव्हती. इंधन म्हणून लागणारं लिग्रोइन हे तेव्हा डाग काढायला वापरत. ते त्यांनी विस्लोख गावातल्या औषधांच्या दुकानातून घेतलं.

वाटेत इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनी टोपीला लावलेली लांब पिन काढली, नळीत घातली, कचरा काढला आणि पुढे निघाल्या.

ही गोष्ट सहसा त्यांच्या धाडसासाठी सांगतात, आणि ते धाडस होतंच. पण मला त्यातली ती नळी जास्त महत्त्वाची वाटते. मोटारीच्या पहिल्याच मोठ्या प्रवासात इंजिन ठीक होतं, इंधनही होतं, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे पोचत नव्हतं. पुढची सव्वाशेहून जास्त वर्षं इंजिनिअर मंडळी याच दुखण्याशी झगडत आली आहेत.

उलटी चढणारी गाडी

१९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली. ताकद २० हॉर्सपॉवर. तिची टाकी पुढच्या सीटखाली होती आणि फ्युएल पंप नव्हताच. गच्चीवरच्या टाकीतून जसं पाणी नळाला येतं, तसं पेट्रोल आपल्या वजनाने खाली कार्बोरेटरकडे वाहत यायचं. साधं, स्वस्त, न बिघडणारं.

पण तीव्र चढ आला की गाडीचं नाक वर जाई, कार्बोरेटर टाकीच्या वर येई, आणि टाकीत पेट्रोल कमी असेल तर इंजिन बंद पडे. यावर लोकांनी काढलेला उपाय ऐका. ते गाडी वळवायचे आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचे! टाकी वर, इंजिन खाली. शिवाय रिव्हर्स गिअरही या गाडीत जोरकस होता, त्यामुळे काम भागायचं.

पुढे गाड्या ठेंगण्या झाल्या, टाकी मागे डिकीखाली गेली, आणि पंपाशिवाय पर्याय उरला नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून इंजिनावरच बसणारा मेकॅनिकल पंप रुळला. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा पंपाचा दांडा वरखाली ढकलतो, आत रबरी पडदा हलतो, आणि पेट्रोल मागून ओढलं जातं. दाब जेमतेम ५ ते ७ पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये आपण तीसच्या वर हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या.

कार्बोरेटरला तेवढा दाब पुरतो, कारण त्याचं काम फ्लशच्या टाकीसारखं आहे. आत एक छोटं भांडं असतं, त्याला फ्लोट चेंबर म्हणतात. त्यात बॉलकॉकसारखा तरंगता फ्लोट. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर येतो आणि सुईसारखी झडप बंद करतो. पातळी उतरली की झडप उघडते. इंजिन हवा ओढतं, त्या हवेच्या ओढीने या भांड्यातलं पेट्रोल बारीक जेटमधून वर येतं आणि हवेत मिसळतं.

यात दोन कच्चे दुवे होते. पहिला, पंप पुढे आणि टाकी मागे असल्यामुळे पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. ओढताना पाइपातला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. हिमालयात डाळ शिजत नाही ना, तेच कारण. भर उन्हात, इंजिनाच्या धगीत पेट्रोलची पाइपातच वाफ होते, आणि पंप ती वाफ ओढू शकत नाही. यालाच वेपर लॉक म्हणतात. ज्यांच्या घरी पद्मिनी किंवा अँबॅसिडर होती, त्यांना घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवणारे ड्रायव्हर आठवतील. ते वेपर लॉकवर भौतिकशास्त्राला धरून असलेला उपाय करत होते.

दुसरा कच्चा दुवा तो फ्लोट. पेट्रोल भांड्याच्या तळाशी राहील, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. १९४० साली या गृहीतकाची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागत होती.

हजार हॉर्सपॉवर आणि एक चकती

ब्रिटनची स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ विमानं रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनावर उडत. २७ लिटर, १२ सिलिंडर, सुरुवातीच्या मॉडेलमध्ये हजाराच्या थोडी वर हॉर्सपॉवर. आणि पेट्रोल देणारा? फ्लोटवाला कार्बोरेटर. तत्त्व तेच, फ्लशच्या टाकीचं.

समोर जर्मन मेसरश्मिट १०९. तिच्या डाइमलर-बेंझ इंजिनात कार्बोरेटर नव्हता. पंप प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाने थेट पेट्रोल फवारायचा. विमान उलटं करा, सुलटं करा, त्याला फरक पडत नसे.

जर्मन वैमानिकांच्या हे लक्षात आलं. पाठलाग होतोय असं दिसलं की ते विमानाचं नाक एकदम खाली घालत. ब्रिटिश वैमानिकाने तसंच केलं की क्षणभर त्याच्या विमानातली प्रत्येक सुटी गोष्ट छताकडे जाई, रोलर कोस्टरमध्ये आपलं पोट जातं तशी. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोलही वर जाई. जेट कोरडा पडे, इंजिन खोकलं की समजा गडबड. आणि त्यापाठोपाठ दुसरं संकट: फ्लोटची झडप सताड उघडी राही, पंप पूर्ण जोराने पेट्रोल ओतत राही, आणि कार्बोरेटर तुंबून जाई. आधी उपासमार, मग अजीर्ण. इंजिन बंद, आणि शत्रू कुठल्या कुठे. त्यामुळे ब्रिटिश वैमानिक आधी विमान उलटं पालथं करून मग सूर मारत, म्हणजे पेट्रोल तळाशी राहायचं. पण त्यात महत्त्वाचे क्षण जात.

फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये बिएट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर होत्या. ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकल ताशी शंभर मैलांच्या वर पळवून त्यांनी गोल्ड स्टार मिळवला होता. बाईंनी हिशोब मांडला: पूर्ण ताकदीवर चालताना या इंजिनाला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागतं? बरोबर तेवढंच जाऊ शकेल असं भोक असलेला धातूचा छोटासा तुकडा त्यांनी पाइपात बसवला. त्याचं पुढचं रूप म्हणजे साध्या वॉशरसारखी चकती. आता झडप सताड उघडली तरी कार्बोरेटर तुंबणार नव्हता. पहिला खोकला राहिला, पण ज्याने इंजिन खरं बंद पडायचं ते दुसरं संकट टळलं.

विमान कारखान्यात परत न्यायची गरज नव्हती. शिलिंगबाई आणि त्यांची छोटी टीम विमानतळांवर फिरली आणि मार्च १९४१ पर्यंत फायटर कमांडच्या विमानांना हा तुकडा बसला. कायमचा उपाय, म्हणजे फ्लोटशिवाय चालणारा दाबाचा कार्बोरेटर, नंतर आला. पण मधल्या काळात ही चकती वैमानिकांच्या कामी आली.

हजार हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं दुखणं कमी झालं ते पेट्रोल वाढवून नव्हे, मोजून. हे लक्षात ठेवा, शेवटी त्या शेव्हेलला हेच लागणार आहे.

विमानातून मोटारीत

युद्ध संपलं. हरलेल्या जर्मनीत विमान इंजिनं बनवायला बंदी आली, आणि ते ज्ञान मोटारींकडे वळलं. हान्स शेरेनबर्ग हे इंजिनिअर युद्धाआधी डाइमलर-बेंझमध्ये विमान इंजिनांच्या थेट इंजेक्शनवर काम करत. युद्धानंतर ते गुटब्रोड या छोट्या कंपनीत गेले. १९५२ च्या सुमारास गुटब्रोड आणि गोलिआथ यांच्या छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये बॉशचं पेट्रोल इंजेक्शन आलं. मग शेरेनबर्ग पुन्हा डाइमलर-बेंझमध्ये परतले.

फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल झळकली. पंखासारखे वर उघडणारे दरवाजे सगळ्यांनी पाहिले. खरी क्रांती बॉनेटखाली होती: ३ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन आणि सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारा बॉशचा मेकॅनिकल पंप. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या विक्रीच्या गाडीत हे पहिल्यांदाच घडत होतं. याच घराण्याचं कार्बोरेटरवालं इंजिन १९५१ च्या ३०० सेडानमध्ये ११५ हॉर्सपॉवर देत होतं. ३०० एसएलमध्ये ते २१५ वर गेलं. सगळं श्रेय इंजेक्शनचं नाही, इंजिनात इतरही बदल होते. पण एवढ्या इंजिनाला नेमका घास भरवणं इंजेक्शनमुळे सोपं झालं.

एक खोड मात्र होती. चावी बंद केली तरी इंजिन फिरायचं थांबेपर्यंत पंप पेट्रोल फवारतच राही. स्पार्क नाही, त्यामुळे ते जळत नसे. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरे आणि ऑइल पातळ करे. म्हणून या गाडीचं ऑइल वारंवार बदलावं लागे. पंप ताकदवान होता, पण कधी थांबायचं हे त्याला कळत नव्हतं.

कॉर्व्हेट: एक पाऊल पुढे, दोन मागे

अमेरिकेने याला उत्तर दिलं १९५७ मध्ये. शेव्हर्लेच्या कॉर्व्हेटवर रॉचेस्टरचं रॅमजेट इंजेक्शन मिळू लागलं. जॉन डोल्झा आणि झोरा आर्कस-डंटॉव्ह ही त्यामागची माणसं. इंजिन २८३ घनइंचांचं, ताकद २८३ हॉर्सपॉवर. एका घनइंचाला एक हॉर्सपॉवर! जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं होतं?

पण त्या वर्षी बनलेल्या ६,३३९ कॉर्व्हेटपैकी इंजेक्शनवाल्या होत्या सुमारे १,०४०. किंमत जास्त होती हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त बोलकं वाटतं. गावोगावच्या मेकॅनिकला कार्बोरेटर तोंडपाठ होता, हे यंत्र नव्हतं. पडदे, दांडे, आठ बारीक नोझल. जरा कचरा अडकला की गाडी मिसिंग मारणार. कित्येक मालकांनी वैतागून इंजेक्शन काढलं आणि कार्बोरेटर बसवून घेतला. आज जुन्या गाड्यांचे शौकीन तीच काढून टाकलेली युनिटं शोधत फिरतात आणि मिळाली की मोठी किंमत मोजतात.

१९६५ मध्ये हा प्रयोग संपला. त्या वर्षी कॉर्व्हेटच्या ग्राहकासमोर दोन पर्याय होते. ३२७ घनइंचांचं इंजेक्शनवालं इंजिन, ३७५ हॉर्सपॉवर, जादा ५३८ डॉलर. किंवा नवं ३९६ घनइंचांचं कार्बोरेटरवालं इंजिन, ४२५ हॉर्सपॉवर, जादा २९३ डॉलर. तुम्ही काय घेतलं असतं? लोकांनीही तेच घेतलं.

क्रायस्लरने तर १९५८ मध्येच इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं होतं, बेंडिक्स कंपनीचं इलेक्ट्रोजेक्टर. कल्पना काळाच्या पुढची, पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालची धग आणि हादरे सोसणारे नव्हते. जेमतेम ३५ गाड्यांना ते बसलं, आणि त्यातल्या बहुतेकांना कंपनीने पुढे कार्बोरेटर लावून दिले.

मग १९६० च्या दशकात अमेरिकेने सोपा रस्ता धरला: मोठं इंजिन, मोठा कार्बोरेटर, स्वस्त पेट्रोल. आपली शेव्हेल त्याच रस्त्याच्या टोकाशी उभी आहे. ७.४ लिटरचं इंजिन, होलीचा दांडगा चार तोंडांचा कार्बोरेटर, आणि पेट्रोल आणणारा तोच मेकॅनिकल पंप, ज्याचं तत्त्व तेव्हाच चाळीसेक वर्षं जुनं होतं.

धुराने जे केलं

इंजेक्शन शेवटी जिंकलं ते वेगामुळे नाही, धुरामुळे. कॅलिफोर्नियात हवा इतकी बिघडली की कायदे कडक होऊ लागले. १९६७ मध्ये फोक्सवॅगनने अमेरिकेतल्या आपल्या १६०० गाडीला बॉशचं डी-जेट्रॉनिक बसवलं. मोठ्या संख्येने बनलेलं हे पहिलं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन. एक विजेचा पंप, एक ठरावीक दाब, आणि एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी, जी इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवते. बेंडिक्सचे पेटंट हक्क तोवर बॉशकडे आले होते. क्रायस्लरकडे फसलेली कल्पना अशी दुसऱ्या घरी वाढली.

भारतात या प्रवासाचा शेवटचा टप्पा तुमच्यातल्या अनेकांनी स्वतः पाहिलाय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि आपल्या बाइक-स्कूटरमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. चावी फिरवल्यावर सीटखालून "झुंऽऽ" असा दोन सेकंद आवाज येतो ना? तो टाकीतला विजेचा पंप. तो पाइपात दाब भरतोय. पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

आता त्या शेव्हेलकडे

आता हिशोब मांडू. पूर्ण ताकदीवर पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पाउंड, म्हणजे २२७ ग्रॅम पेट्रोल लागतं. ६०० हॉर्सपॉवर म्हणजे तासाला १३६ किलो, साधारण १८५ लिटर. मिनिटाला तीन लिटर. एक लिटरची पाण्याची बाटली डोळ्यासमोर आणा. ती दर वीस सेकंदाला एक, अशी त्या पाइपातून रिकामी होतेय. टर्बो किंवा सुपरचार्जर लावला तर याहून जास्त.

आता गाडी सुसाट सुटते तेव्हा काय होतं ते बघा. चांगल्या टायरवर जोरदार सुटणाऱ्या गाडीत प्रवेग गुरुत्वाकर्षणाएवढा, म्हणजे १ जी धरू. टाकी मागे, इंजिन तीन मीटर पुढे. म्हणजे त्या क्षणी पेट्रोलच्या दृष्टीने इंजिन जणू तीन मीटर उंच, एक मजला वर आहे. एवढ्या उंचीसाठी तीन पीएसआयहून जास्त दाब खर्च होतो. आणि आपला पंप तर पुढे बसून ओढतोय, त्याला ही ओढ आणखी जड जाते. पाइपातला दाब पडतो, पेट्रोलची वाफ व्हायला लागते. शिवाय टाकीतलं पेट्रोल मागच्या भिंतीवर चढतं, पाइपाचं तोंड उघडं पडतं. इंजिन काही सेकंद फ्लोट चेंबरमधल्या साठ्यावर जगतं. तो संपला की मान टाकतं. मॉडेल टीचा चढ आणि मर्लिनचा सूर, दोन्ही एकाच गाडीत.

इंजिन नुसतं बंद पडलं तर नशीब म्हणायचं. खरा धोका अर्धवट उपाशी राहण्याचा. पूर्ण भाराखाली हवा भरपूर आणि पेट्रोल कमी, म्हणजे मिक्श्चर लीन झालं, की तापमान चढतं, अवेळी स्फोट होतात आणि पिस्टनचा माथा वितळून भोक पडू शकतं. एवढा खर्च केलेलं इंजिन एका पंपापायी जातं.

मग करायचं काय? इथे बरेच जण करतात तो उपाय म्हणजे इंजेक्शनच्या गाडीचा जोरदार विजेचा पंप आणून कार्बोरेटरला जोडणं. तो पंप पन्नास-साठ पीएसआयचा, आणि फ्लोटची सुई सहा-सात पीएसआयच्या वर तग धरत नाही. पेट्रोल सुईला ढकलून आत घुसतं, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि तापलेल्या इंजिनावर सांडतं. शिलिंगबाईंनी ओळखलेलं दुसरं संकट हेच होतं. फक्त इथे त्याचा शेवट आगीत होऊ शकतो.

बरोबर क्रम असा. आधी टाकी: आत आडव्या पट्ट्या किंवा छोटा कप्पा, म्हणजे पेट्रोल पाइपाच्या तोंडाशी टिकून राहील. मग पंप टाकीतच किंवा टाकीजवळ, कारण पंपाने ढकलायचं असतं. पंप निवडताना डब्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. दाब वाढला की प्रत्येक पंपाचा प्रवाह घटतो आणि व्होल्टेज पडलं तरी घटतो. तुम्हाला लागणाऱ्या दाबावर तो तासाला किती लिटर देतो, ते बघायचं. मग पाइप पुरेशा जाडीचा. पंपाआधी भरड गाळणी, पंपानंतर बारीक. बर्थाबाईंची पिन प्रत्येक वेळी हाताशी नसते. मग रेग्युलेटर आणि रिटर्न लाइन: इंजिनाला हवं तेवढंच पुढे जाईल, उरलेलं टाकीत परत. फिरतं पेट्रोल पाइपही थंड ठेवतं, वेपर लॉक टळतो. पण गरजेच्या दुप्पट पंप लावला तर तेच पेट्रोल फिरून फिरून तापतं, हेही खरं.

शेवटी वायरिंग. पन्नास वर्षं जुन्या वायरवर नवा पंप चालवला तर व्होल्टेज वाटेतच मरतं. म्हणून जाड वायर, रिले, फ्यूज. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पंप थांबवायची सोय. जुना मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबायचा. विजेच्या पंपाला अपघात झालेला कळत नाही. पाइप तुटला तरी तो मिनिटाला तीन लिटर पेट्रोल रस्त्यावर ओतत राहील. म्हणून ऑइलचा दाब गेला किंवा जोराचा धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच हवाच. बाकी सगळं पैशाप्रमाणे मागेपुढे करा, हा स्विच सोडू नका.

आपल्या गाडीचं काय?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे ६०० हॉर्सपॉवर? खरंय. पण पाइपाचा प्रश्न आपल्या दारातही आलाय. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे ई२० मध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण ६-७ टक्क्यांनी कमी भरते. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. नव्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो. बाबांच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या स्कूटरला किंवा मामांच्या पद्मिनीला हे कळत नाही. तिचा जेट जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेला असतो. ती थोडी लीन चालते. जुन्या जातीचे रबरी होज इथेनॉलने फुगतात, कडक होतात, तडकतात. आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर इथेनॉल ओलावा ओढून घेतं.

याचा अर्थ जुनी गाडी विका असा नाही. अर्थ एवढाच, की इंजिनाआधी पाइप बघा. या रविवारी बॉनेट उघडा, बॅटरीच्या उजेडात टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत होज बोटाने दाबत जा. कडक लागला, चिकट लागला, बारीक चिरा दिसल्या, तर इथेनॉलला चालणारा नवा होज आणि नव्या क्लिपा बसवून घ्या. होज अगदी स्वस्त असतो. प्लग बघून मिक्श्चर तपासायला ओळखीच्या मेकॅनिकला सांगा. आणि गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर "जुनी गाडी आहे, यायचाच" असं म्हणू नका. चावी लावू नका, आधी वास कुठून येतोय ते शोधा.

हॉर्सपॉवरच्या गप्पा मारायला मलाही आवडतात, नाहीतर हा भाग केलाच नसता. पण यापुढे कोणी सांगितलं की माझी गाडी इतक्या हॉर्सपॉवरची आहे, तर एक प्रश्न नक्की विचारा: पंप किती लिटरचा आहे? उत्तर पटकन आलं, तर समजा गडी गाडीचा अभ्यास करून बसलाय.

तुमच्या घरातल्या जुन्या गाडीचा होज कसा निघाला ते कळवा. भेटू पुढच्या भागात.